झाडीपट्टीचा नाट्यहंगाम : धान, मंडई आणि प्रयोगांचे वेळापत्रक

प्रस्तावना

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांतील जंगल आणि धानशेतीचा प्रदेश ‘झाडीपट्टी’ या नावाने ओळखला जातो. येथील रंगभूमीस स्वतःचे कायमस्वरूपी नाट्यगृह नाही, वर्षभर चालणारी प्रयोगसूचीही नाही. तिला आहे तो हंगाम. भाऊबीजेपासून होळीपर्यंत, म्हणजे साधारणपणे चार महिने, गावोगावी रात्रभर नाटके होतात. २०२३ मध्ये झाडीपट्टी रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री पुरस्काराने गौरविण्यात आले. त्यामुळे या रंगभूमीचे नाव सर्वदूर पोहोचले. तथापि कोणत्या गावी कोणत्या दिवशी नाटक होणार, हे कशावरून ठरते, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. वस्तुतः या प्रश्नाच्या उत्तरातच झाडीपट्टीच्या सांस्कृतिक जीवनाची रचना दडलेली आहे. प्रस्तुत लेखात या वेळापत्रकाचे स्वरूप व त्यामागील कारणे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

तिथी आणि पीक

हंगामाचा आरंभ तिथीने ठरतो. बलिप्रतिपदेस गायगोधनाचा विधी होतो आणि भाऊबीजेपासून मंडईस सुरुवात होते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे हा आरंभ दरवर्षी सरकतो. भाऊबीज २०२४ मध्ये ३ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २३ ऑक्टोबरला आली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ मास असल्याने ती ११ नोव्हेंबरला येते.

हा फरक केवळ पंचांगापुरता नाही. हलका धान ऑक्टोबरमध्ये हाती येतो. भारी धानाची कापणी मात्र नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत चालते आणि मळणी व विक्री त्यानंतर होते. भाऊबीज लवकर आली तर मंडईच्या वेळी पुष्कळ शेतांत पीक उभेच असते. ती उशिरा आली तर मंडई आणि कापणी एकाच वेळी येतात. नाटकास दोन गोष्टी लागतात : मोकळी जागा आणि हातात पैसा. धान निघाल्यावर रिकामी झालेली बांधी हीच येथे रंगमंच व प्रेक्षागृह यांची जागा होते आणि धान विकल्यावर तिकिटाचा पैसा हाती येतो. त्यामुळे आरंभ तिथीने होत असला तरी प्रयोगांची खरी दाटी पीक घरात आल्यानंतरच होते.

मंडई : पाहुण्यांचा दिवस

मंडई हा शब्द अन्यत्र बाजार या अर्थाने रूढ आहे. झाडीपट्टीत तो गावाच्या वार्षिक मेळ्याचा वाचक आहे. गोवारी समाजाची ढाल, पूजन, दुकाने, मिठाई आणि दंडार किंवा खडी गंमत यांसारख्या लोककला हे तिचे दिवसाचे रूप होय. रात्री नाटक होते. प्रत्येक गावाचा मंडईचा दिवस परंपरेने ठरलेला असतो. शेजारच्या गावांचे दिवस सहसा एकमेकांवर येत नाहीत, कारण एका गावचा यजमान हा दुसऱ्या गावचा पाहुणा असतो. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात आणि अनेक विवाहसंबंधांची पहिली बोलणी याच दिवशी होतात.

म्हणून मंडईचा दिवस ही केवळ मनोरंजनाची तारीख नसून परिसरातील गावांनी आपसांत केलेली एक अलिखित वाटणी आहे. ती मोडली तर प्रेक्षक विभागला जातो. शिवाय नात्यांच्या भेटीगाठींची साखळीही तुटते.

शंकरपटाचा धडा

मंडईनंतरच्या काळात, विशेषतः थंडीच्या दिवसांत, अनेक गावी शंकरपट भरतो. दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री नाटक अशी ही जोडी आहे. पट पाहण्यास दुरून आलेला शेतकरी रात्री नाटकास थांबतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. परंतु शर्यतींचा मार्ग मोकळा झाला तो १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशाने, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. प्राण्यांच्या हिताचा प्रश्न आपल्या जागी महत्त्वाचा आहेच. येथे लक्षात घ्यावयाची बाब निराळी आहे. जेथे पट थांबला तेथे रात्रीच्या नाटकाचा दिवसाचा आधारही गेला. वेळापत्रकातील एक दुवा निखळला की दुसरा आपोआप सैल होतो, हे यावरून दिसून येते.

वडसा : तारखांचे केंद्र

गावाने दिवस ठरविला तरी त्या दिवशी कलावंत उपलब्ध असावे लागतात. या व्यवहाराचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे आहे. रेल्वेमार्गावरील या गावी नाट्यसंस्थांची कार्यालये आहेत. गावातील मंडळाचे प्रतिनिधी तेथे येतात, नाटक निवडतात, कलावंत कोण असतील हे विचारतात व आगाऊ रक्कम देऊन तारीख निश्चित करतात. पूर्वी गावातील हौशी मंडळी स्वतः नाटक बसवीत आणि स्त्रीपार्टही पुरुषच करीत. पुढे बाहेरून अभिनेत्री बोलावण्याची पद्धत आली आणि क्रमाने संपूर्ण नाटकच व्यावसायिक संस्थेकडून आणणे रूढ झाले.

या बदलाचा परिणाम दुहेरी आहे. कलावंत, वादक, नेपथ्यकार, प्रकाशयोजना व ध्वनिव्यवस्था करणारे अशा अनेकांस हंगामापुरता रोजगार मिळू लागला. त्याचबरोबर, एकाच लोकप्रिय कलावंतास अनेक गावांची मागणी असल्याने गावाचा परंपरागत दिवस आणि कलावंताची मोकळी रात्र यांत ओढाताण सुरू झाली. सलग रात्रींच्या प्रयोगांमुळे तालमीस वेळ उरत नाही आणि पार्श्वसूचकावरील भिस्त वाढते. तरीही ऑर्गन, तबला आणि क्लॅरिनेट यांच्या साथीने रंगमंचावर प्रत्यक्ष गायिली जाणारी पदे हे या नाटकांचे वैशिष्ट्य टिकून आहे. अन्यत्र विरळ झालेली संगीत नाटकाची परंपरा येथे तिकीट काढून पाहिली जाते, ही बाब लक्षणीय होय.

दोन दिनदर्शिका

या परिसरातील महाविद्यालये प्रामुख्याने गोंडवाना विद्यापीठ (स्थापना २०११) व राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ यांच्याशी संलग्नित आहेत. महाविद्यालयाची दिनदर्शिका इंग्रजी महिन्यांनी चालते, गावाची तिथीने व पिकाने. त्यामुळे हिवाळी सत्राच्या काळात गावातील विद्यार्थी वर्गात दिसत नाही. हजेरीपटावर तो केवळ ‘अनुपस्थित’ असतो. प्रत्यक्षात तो मंडईच्या व्यवस्थेत असतो, तिकिटे विकत असतो किंवा घरच्या पाहुण्यांची सरबराई करीत असतो. ही अनुपस्थिती समर्थनीय ठरावी असे नाही. परंतु तिचे कारण माहीत नसणे हे अध्यापकाच्या दृष्टीने उणेपणाचे आहे.

महाराष्ट्रातील संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रम आराखड्यात क्षेत्रप्रकल्प, समुदाय सहभाग व भारतीय ज्ञानप्रणाली यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. या तरतुदीचा उपयोग करून झाडीपट्टीच्या हंगामाचा अभ्यास सहज हाती घेता येण्याजोगा आहे. आपल्या तालुक्यातील गावनिहाय मंडईचे दिवस नोंदविणे, जुन्या हस्तलिखित संहिता व जाहिराती जतन करणे, झाडीबोलीतील नाट्यविषयक शब्द संकलित करणे, तिकीटविक्रीच्या शिलकीचा विनियोग कसा होतो हे पाहणे, ही कामे मराठी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास या विभागांना मिळून करता येतील. झाडीबोली व दंडार यांच्या अभ्यासात डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी घातलेला पाया यासाठी उपलब्ध आहेच. संहिता लेखकाच्या वा मंडळाच्या पेटीत असते आणि ती पेटी वाळवीस अपवाद नसते. म्हणून हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

समारोप

आगामी सांस्कृतिक कार्यक्रमांची यादी ही वरवर पाहता साधी माहिती वाटते. झाडीपट्टीत मात्र त्या यादीतील प्रत्येक तारखेमागे धानाची जात, शेजारच्या गावाशी असलेला समजूतदारपणा, कलावंताची सवड आणि लेकीची माहेरची वाट असते. २०२० च्या हंगामात कोविड साथीमुळे पडदा उघडला नाही, तेव्हा केवळ करमणूक थांबली नव्हती, गावांची परस्परांकडे जाण्याची रीतच थांबली होती. ही रीत पुन्हा सुरू झाली आहे. सत्राची दिनदर्शिका आखताना तिच्या शेजारी गावांच्या मंडईची यादी ठेवली, तर महाविद्यालय ज्या भूमीवर उभे आहे तिच्याशी त्याचा संबंध अधिक डोळस होईल.