पेशी कोणाची, ज्ञान कोणाचे?

पेशीला जात नसते, हे मी प्राणिशास्त्राच्या वर्गात दरवर्षी सांगते. सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी कोणत्या वस्तीतल्या बाईची आहे, हे कोणताही तज्ज्ञ ओळखू शकणार नाही. परंतु ती काचपट्टी तयार होण्याची आणि तिचा निकाल बाईपर्यंत परत येण्याची वाट समाजातूनच जाते. आणि समाजाला जात आहे, वर्ग आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

प्रथम पद्धती समजून घेऊ. बायोप्सीत संशयित जागेचा लहान तुकडा काढतात. तो कुजू नये म्हणून फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, अल्कोहोलने त्यातले पाणी काढतात, मेणात बसवतात आणि मायक्रोटोम यंत्रावर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. रंग दिल्यावर पेशीचे केंद्रक निळे व भोवतालचा भाग गुलाबी दिसतो. केंद्रके मोठी, गडद, वेडीवाकडी झाली आणि पेशी आपला थर फोडून खोल शिरल्या, की तो कर्करोग.

पॅप तपासणीत तुकडा काढत नाहीत. चपट्या काडीने पेशी खरवडून काचेवर पसरतात आणि लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात. कर्करोगाच्या कित्येक वर्षे आधीचे बदल तीत दिसतात. मात्र वाचणारा डोळा तयार हवा. तिसऱ्या पद्धतीत पेशीचे रूप पाहतच नाहीत. या रोगाच्या मुळाशी असलेल्या एचपीव्ही विषाणूचा डीएनए यंत्राने शोधतात.

हा विषाणू कोणाच्या देहात सापडला? १९५१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या वॉर्डात, हेन्रिएटा लॅक्स या ३१ वर्षांच्या, पाच लेकरांच्या आईवर उपचार झाले. तिच्या गाठीच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी वारली. पेशी मात्र ‘हेला’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. कुटुंबाला याचा पत्ता सुमारे वीस वर्षांनी लागला. १९८४ साली जर्मन संशोधकांना या पेशींतही एचपीव्हीचा १८ क्रमांकाचा प्रकार आढळला. त्यांचे प्रमुख हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. लॅक्सच्या वारसांशी एका कंपनीने तडजोड केली ती २०२३ साली.

हेच ज्ञान पुढे आमच्या शेजारच्या जिल्ह्यात आले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. एका गटाची एचपीव्ही तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची अॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी. चौथ्या गटाची तपासणी झाली नाही. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एचपीव्ही गटात या रोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत ठळक घट दिसली नाही.

हा निष्कर्ष मोलाचा आहे. पण पॅप तपासणीचा उपयोग कित्येक दशके माहीत असताना ३१ हजारांवर बायकांना तपासणीविना का ठेवले, असा आक्षेप घेतला गेला. तिथे अशी सोय नव्हतीच, हे त्यावरचे उत्तर. माझ्या मते हे उत्तर म्हणजेच खरा आरोप आहे. सोय नसणे हा निसर्गाचा नियम नव्हे. ती माणसांनी केलेली व्यवस्था आहे.

घोडेगावात कांद्याचा मोठा बाजार आहे. कांदा निवडणारी बाई अंगावरून पांढरे जाते, मध्येच रक्त दिसते, हे लाजेने सांगत नाही. सांगायला गेली तर रोज बुडतो. माझ्या नात्यातल्या एकीच्या हाती एका दवाखान्याने इंग्रजी अहवाल ठेवला, अर्थ कोणी सांगितला नाही. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून तो वाचला तरी गेला. ज्या घरात असे कोणी नाही, तिथे काय?

म्हणून प्रयोगशाळेकडे पाठ फिरवणे आपल्याला परवडणार नाही. एचपीव्हीसाठीचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची ३५ व ४५ व्या वर्षापर्यंत अशा खात्रीच्या पद्धतीने तपासणी व्हावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे. कार्यकर्त्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन तीन प्रश्न विचारावेत: कोणती तपासणी होते, निकाल किती दिवसांत आणि कोणत्या भाषेत मिळतो, दोष आढळल्यास उपचार कुठे होतात? आपल्या बायकांच्या पेशींतून जगाला ज्ञान मिळाले आहे. ते ज्ञान उपचारासह त्यांच्या दारापर्यंत परत आणणे, हे आपले काम आहे.