सोन्याचा हमाल

कर्नाटकातल्या कोलारच्या खाणींनी एकशेवीस वर्षांत सुमारे ८०० टन सोनं दिलं. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण सोनं इतकं जड, की हे सगळं वितळवून एकत्र ओतलं तर साडेतीन मीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि तेवढ्याच उंच अशा एका खोलीत मावेल. त्याच्यापायी दळलेला दगड मात्र अजून तिथेच पडून आहे. १३ ढिगारे, वजन तीन कोटी टनांहून जास्त. म्हणजे सोन्याच्या जवळजवळ चाळीस हजारपट! तिथले लोक त्यांना ‘सायनाइड डंप’ म्हणतात.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी या खाणी बंद झाल्या. पुढे सोन्याचा भाव चढत गेला आणि जुन्या ढिगाऱ्यांकडे पुन्हा नजरा वळल्या. त्यांतून उरलंसुरलं सोनं काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला २०२४ च्या जूनमध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने संमती दिली. टनामागे एक ग्रॅम सोनं धरलं, तरी दहा ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी दहा टन भुकटी उपसावी लागेल. ती उपसली की काय काय जागं होईल, हे समजायचं तर आधी सोनं तिथे आलं कसं ते पाहायला हवं.

सोनं स्वतः अगदी निरुपद्रवी. ते गंजत नाही, पाण्यात विरघळत नाही, सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. मग पृथ्वीच्या पोटातून ते वर आलं कसं? त्याला हमाल मिळाला, गंधकाचा. अब्जावधी वर्षांपूर्वी खोल खडकांतल्या तापलेल्या पाण्यात गंधकाची संयुगं होती. त्यांनी सोन्याचे अणू धरून ठेवले आणि भेगांमधून वर वाहून आणले. वाटेत लोह असलेला खडक लागला की गंधक लोहाशी जोडलं जायचं, आणि हातातलं ओझं तिथेच सुटायचं. म्हणून जगातल्या कितीतरी खाणींत सोन्याच्या शेजारी गंधक-लोहाची खनिजं सापडतात. बऱ्याचदा त्यांत आर्सेनिकही असतं; काही ठिकाणी तर सोनं आर्सेनिक असलेल्या खनिजाच्या स्फटिकातच अडकलेलं असतं.

हा हमाल जमिनीखाली, प्राणवायूपासून दूर, युगानुयुगं शांत पडून होता. खाण खोदली आणि आत हवा गेली. गंधक-लोहाच्या खनिजाला हवा आणि पाणी एकत्र मिळालं की गंधकाम्ल तयार होतं. त्यात भर घालतात सूक्ष्म जिवाणू. लोहाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवरच ते जगतात, आणि एरवी मंद चालणारी ही क्रिया कैक पटींनी वेगवान करतात. आम्लात तांबं, जस्त, कॅडमियम विरघळतात. असं पाणी ओढ्याला मिळालं की तळाचे दगड नारिंगी होतात. खडकात चुनखडीसारखी खनिजं पुरेशी असतील तर आम्ल जागच्या जागी मरतं, त्यामुळे प्रत्येक खाणीची तऱ्हा वेगळी. आर्सेनिकला मात्र विरघळायला आम्लच लागतं असं नाही. साध्या पाण्यातही ते उतरू शकतं.

आता यातली खरी गंमत. खाण बंद झाली, पंप थांबले की बोगदे पाण्याने भरतात. कोलारची चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल, आणि तिथेही हेच झालं. वरवर पाहता ही दुर्दशा. पण प्राणवायू हवेत जसा पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो साचलेल्या पाण्यात पसरतो. म्हणजे बुडालेल्या खाणीला पाण्यानेच झाकण घातलेलं असतं. भिंतींवर आधी साचलेले क्षार मात्र त्या पाण्यात उतरतात. अशी खाण पुन्हा चालू करायची म्हणजे पहिल्याच दिवसापासून ते पाणी उपसायचं. ते कुठे तरी सोडावं लागणार, आणि ते निघालं की रिकाम्या बोगद्यात हवा परत येणार. एका झटक्यात दोन्ही संकटं.

ढिगाऱ्यांचं गणित निराळं. दगड दळला की त्याचा पृष्ठभाग वाढतो. एक सेंटिमीटरचा खडा दशांश मिलिमीटरपर्यंत दळला, तर हवा-पाण्याला शंभरपट जागा मोकळी होते. वारा सुटला की हीच भुकटी वस्तीवर उडते, आणि सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर पडत नाही. वर्षानुवर्षं बसलेला ढीग पुन्हा फावड्याखाली आला, की धुळीचा प्रश्न नव्याने सुरू होतो.

मग दळलेल्या दगडातून सोनं काढायला वापरलेलं सायनाइड. लिटरभर पाण्यात ग्रॅमपेक्षाही कमी सायनाइड आणि थोडा प्राणवायू असला, तर कशालाही न बधणारं सोनं विरघळतं! सायनाइडची धातूवरची पकडच तशी आहे. आपल्या पेशींमध्ये प्राणवायू वापरणाऱ्या प्रथिनातलं लोह ते त्याच पकडीने अडवतं, म्हणून ते प्राणघातक. उन्हात आणि हवेत ते हळूहळू मोडतं, त्यामुळे जुन्या ढिगाऱ्यांत त्याचा जोर ओसरलेला असतो. पण सोनं पुन्हा काढायचं तर बहुधा ते पुन्हा ओतावं लागतं.

रोमानियातल्या बाया मारे शहराजवळ नेमकं हेच चाललं होतं. जुन्या खाणींचा साठलेला गाळ धुऊन सोनं काढायचं आणि उरलेला गाळ शहरापासून दूर नव्या तलावात साठवायचा. कागदावर योजना सुबक होती. तलावातलं पाणी कारखान्यातच फिरत राहणार, बाहेर थेंब जाणार नाही. ३० जानेवारी २००० च्या रात्री, पाऊस आणि वितळत्या बर्फाने तुडुंब भरलेल्या त्या तलावाचा बांध फुटला. सायनाइड मिसळलेलं एक लाख घनमीटर पाणी सोमेश नदीत, तिथून टिसात आणि पुढे डॅन्यूबमध्ये गेलं. एकट्या हंगेरीत हजार टनांहून जास्त मासे मेले.

याचा अर्थ जुन्या ढिगाऱ्यांना हातच लावू नये, असा नव्हे. उघड्यावर पडलेली भुकटी उचलून, त्यातली गंधकाची खनिजं वेगळी काढून, उरलेला माल अस्तर घातलेल्या खड्ड्यात नीट झाकून ठेवला, तर सोन्याच्याच पैशात आधीच्या पिढ्यांनी टाकलेला कचराही आवरला जाऊ शकतो. सोनं तर काही वर्षांत काढून होईल. पुढची राखण मात्र दीर्घ मुदतीची, कारण आम्ल आणि आर्सेनिक भाव उतरला म्हणून थांबत नाहीत. म्हणून अशा प्रकल्पाच्या कागदांत किती किलो सोनं निघणार, हे नंतर बघावं. आधी तीन उत्तरं शोधावीत : पाणी कुठे जाणार, धुतलेली भुकटी कुठे राहणार, आणि कंपनी निघून गेल्यावर राखणीचे पैसे कोणाच्या खात्यात आधीच जमा आहेत.