एक बॅकस्पेस, अख्खं अक्षर

कॉम्प्युटरवर इनुक्टिटुटचा, म्हणजे कॅनडातल्या इनुइटांच्या भाषेचा, कीबोर्ड जोडून नोटपॅडमध्ये ‘पि’ टाइप केली. उमटला एक उघडा कोन, टोक वर. हेच टोक उजवीकडे वळलं की ‘पु’, डावीकडे वळलं की ‘प’. डोक्यावर टिंब दिलं की स्वर दीर्घ. वेलांटी-उकाराचं काम अक्षराच्या तोंडाची दिशाच करते. कॅनडात नॉर्वे हाउस इथे जेम्स एव्हान्स या मिशनऱ्याने १८४० मध्ये क्री भाषेसाठी या सिलॅबिक्स लिपीचा छापील वापर सुरू केला. इनुइटांकडे ती नंतर पोचली.

आता गंमत बघा. मराठीत ‘पी’ लिहून बॅकस्पेस दाबलं की वेलांटी जाते, ‘प’ उरतो. इथे ‘पी’ टिंबासकट जाते. प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या लेखी आपली ‘पी’ दोन क्रमांकांची, त्यांची एकाच क्रमांकाची: १४३२. नुसतं टिंब काढायचं म्हटलं तर अक्षर पुसून १४३१ नव्याने टाकायचा.

१९९९ मध्ये युनिकोड ३.० मध्ये कॅनडातल्या अनेक भाषांची मिळून ६३० चिन्हं एकत्र आली. त्याआधी ‘नुनाकॉम’, ‘प्रोसिल’ असे फाँट होते. रोमन अक्षराच्या जागी सिलॅबिक्सचं चित्र बसवलेलं; फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की सगळा कचरा. डीटीपी केलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पण अख्ख्या अक्षराला क्रमांक देण्याची किंमत एखादा ध्वनी राहून गेला की कळते. आपल्या ‘ॲ’ला २००८ मध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला, तेव्हा एकावर भागलं. नत्तिलिक इनुइटांच्या बोलीतले दोन ध्वनी यादीत नव्हते: एक ‘ह’, दुसरा युनिकोडच्या नावांत ‘श्र’ म्हणून नोंदलेला. तीन स्वर, प्रत्येक ऱ्हस्व आणि दीर्घ; म्हणजे दोन ध्वनींपायी बारा क्रमांक. कुठलीही मात्रा उसनी घेता येत नाही. हे बारा २०२१ मध्ये, युनिकोड १४ मध्ये आले. तोवर योआ हेवन, तालोयोआक, कुगारुक या गावांची बोली युनिकोडमध्ये सिलॅबिक्सने पूर्ण लिहिताच येत नव्हती. बावीस वर्षं हा उशीर मला तरी फार वाटतो.

त्यातला पहिला, ११एबी०, मी फाइलमध्ये घातला. पडद्यावर रिकामा चौकोन आला, कारण माझ्या फाँटला ते अक्षर ठाऊक नाही. बाइट तपासले तर चारही जागच्या जागी: एफ०, ९१, एए, बी०. पुढे योग्य फाँट टाकला की तिथेच अक्षर दिसेल, पुन्हा टाइप करायला नको. नुनाकॉमच्या फाइलींना आधी कन्व्हर्टरमधूनच काढावं लागतं.