किती फरकानं?

इचलकरंजीच्या कुस्तीशौकिनाला कोण जिंकला एवढं सांगून भागत नाही. त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: चितपट की गुणांवर? आणि गुणांवर असेल, तर किती फरकानं? त्याला निकाल ऐकण्याआधी लढत समजून घ्यायची असते. गेल्या पाऊणशे वर्षांत कुस्ती आणि बॉक्सिंग या दोन्ही खेळांत पंचगिरीचे जे वाद झाले, त्यांचा मागोवा घेताना मला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा अडवत राहिला.

मातीतल्या जुन्या कुस्तीत तो फारसा उद्भवतच नव्हता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचं मैदान असं बांधून घेतलं की, कुठंही बसलं तरी हौदा नजरेच्या टप्प्यात राहावा. पाठ टेकली की कुस्ती निकाली, नाही टेकली तर बरोबरीत सोडवायची. पंचाला अंतर मोजावं लागत नव्हतं. हजारो डोळे साक्षीला असत, त्यामुळं खोटं बोलायलाही फार वाव नव्हता.

गुण आले आणि मोजमापाची जबाबदारी माणसावर आली. तिचा चटका आपल्या भागाला लवकर बसला. गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले, 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. हेलसिंकी ऑलिंपिकच्या आधी मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दासपेक्षा आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असा त्यांचा आरोप होता. ते थेट पतियाळाच्या महाराजांकडं गेले, निवड चाचणीत पुन्हा उतरले आणि प्रतिस्पर्ध्याला आडवं करूनच 1952 च्या संघात शिरले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्या प्रवासासाठी घर गहाण टाकून पैसे उभे केले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या एका गुणापायी ते सगळं घडलंच नसतं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक एका गुणाच्या अंतरावर अडलं होतं.

बॉक्सिंगमध्ये हाच प्रश्न जगाच्या डोळ्यांत भरला तो 1988 साली, सोलमध्ये. 71 किलोच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सनं कोरियाच्या पार्क सी-हुनला तिन्ही फेऱ्या झोडपलं. दूरचित्रवाणीवरच्या मोजणीत जोन्सचे ठोसे 86, पार्कचे 32. तरी पाचांपैकी तीन पंचांनी पार्कला विजयी ठरवलं. इतकी एकतर्फी लढत उलटी फिरवता आली, कारण ती किती एकतर्फी होती याचा हिशेब पंचांना कुणापुढं मांडावाच लागत नव्हता.

त्यावर उपाय म्हणून संगणक आला. पाच पंचांच्या हातात बटणं दिली. एका सेकंदाच्या आत तिघांनी बटण दाबलं, तरच ठोसा मोजायचा. या पद्धतीला आपल्याकडं पुष्कळ नावं ठेवली गेली आणि त्यातली बरीच रास्त होती. पोटावरचा जड ठोसा तिघांना एकदम दिसायचाच नाही, चेहऱ्यावरची हलकी टिचकी मात्र मोजली जायची. पण एका बाबतीत मी तिच्या बाजूनं उभा राहीन. 2012 साली लंडनला उपांत्य फेरीत मेरी कोम निकोला अ‍ॅडम्सकडून 6-11 अशी हरली, तेव्हा वाद झाला नाही. किती मागं पडलो, हे तिला, प्रशिक्षकाला आणि घरी टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं.

नंतर संगणक गेला आणि व्यावसायिक बॉक्सिंगसारखी दहा गुणांची पद्धत आली. फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9 किंवा त्याहून कमी. नियमांच्या पुस्तकात पायऱ्या स्पष्ट लिहिल्या होत्या: अटीतटीची फेरी 10-9, स्पष्ट वर्चस्व 10-8, संपूर्ण वर्चस्व 10-7. माझ्या मते हा नियम अतिशय शहाणा आहे. पण पंच पहिल्या पायरीवरून सहसा खाली उतरत नाहीत. केसभर फरकानं जिंकलेली फेरीही 10-9 आणि प्रतिस्पर्ध्याला तीन मिनिटं दोरांना टेकवून ठेवलेली फेरीही 10-9.

29 जुलै 2021 रोजी टोकियोत मेरी कोम पुन्हा रिंगमध्ये होती, समोर कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया. पहिली फेरी चार पंचांनी व्हॅलेन्सियाला दिली, एकानं मेरीला. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत पाचांपैकी तिघं मेरीच्या बाजूनं. तीनपैकी दोन फेऱ्या बहुमतानं जिंकल्या, म्हणून तिनं हात उंचावला. निकाल लागला 3-2 असा व्हॅलेन्सियाच्या बाजूनं. यात लबाडी नव्हती. बेरीज प्रत्येक पंचाची वेगळी होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतले तिघं प्रत्येक वेळी तेच असतील असं नाही. पण आता एका पंचाचा कागद डोळ्यांसमोर आणा. समजा त्याच्या मते पहिली फेरी मेरीनं सपशेल गमावली आणि पुढच्या दोन जेमतेम जिंकल्या. सगळीकडं 10-9 लिहिलं, तर त्याच्या कागदावर मेरी 29-28 नं पुढं. पहिल्या फेरीला प्रामाणिकपणे 10-8 दिले, तर 28-28, आणि मग संपूर्ण लढतीचा विचार करून विजेता त्याला स्वतः ठरवावा लागतो. एका आकड्यानं निकालाचं तोंड फिरू शकतं. त्याच मेरीचा लंडनमधला पराभव सगळ्यांना समजला आणि टोकियोतला तिला स्वतःलाही रिंगमध्ये समजला नाही, ही गोष्ट मला अजून सलते.

कुस्तीनं ही चूक करून पाहिली आहे आणि सुधारलीही आहे. 2005 पासून काही वर्षं आंतरराष्ट्रीय कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची होती, दोन जिंकणारा विजयी. पहिली फेरी 6-0 नं मारली आणि पुढच्या दोन 0-1, 0-1 अशा गेल्या, की सहा गुण मिळवणारा पैलवान दोन गुणवाल्याकडून हरायचा. फेरी कोरी सुटली, तर पकड कुणाला द्यायची हे पिशवीतून चेंडू काढून ठरायचं. तालमीत वर्षानुवर्षं घाम गाळायचा आणि शेवटी नशीब चेंडूच्या रंगावर! 2013 साली ऑलिंपिकमधून गच्छंती होण्याची वेळ आली, तेव्हा कुस्तीचे नियम बदलले. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आल्या आणि गुणांची बेरीज सलग झाली. एकतर्फी फेरीचं वजन पुन्हा शेवटपर्यंत टिकू लागलं.

कापडाच्या गावाला, आमच्या इचलकरंजीला, हे तत्त्व नवं नाही. निर्यातीचं कापड तपासायच्या टेबलावर येतं, तेव्हा तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन आणि त्यापुढं चार लागतात. सगळ्या दोषांना सरसकट एकच गुण लावला, तर कुठला यंत्रमागवाला ती तपासणी मान्य करील?

मोजपट्टी चांगली असली, तरी ती सर्वांसमोर लावावी लागते. जानेवारी 2023 मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत महेंद्र गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले आणि सिकंदर शेख बाहेर पडला. सिकंदर मोहोळचा, पण घडला कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. त्यामुळं आपल्या जिल्ह्यात तो डाव मोबाइलवर थांबवून थांबवून किती वेळा पाहिला गेला असेल, त्याला गणती नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यानं फुलगावला शिवराज राक्षेला चितपट करून गदा घेतली. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध आपली पाठ टेकलीच नाही, असं राक्षेचं म्हणणं होतं. त्यानं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांच्या निलंबनाला सामोरा गेला. लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण जी हरकत जागच्या जागी पडद्यावर दाखवून मिटवता येते, ती तिथंच मिटवली पाहिजे. ते झालं नाही, तर राग पंचाच्या कॉलरपर्यंत पोहोचतो.

बॉक्सिंग 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये राहणार आहे. टोकियोपासून प्रत्येक फेरीनंतर गुण जाहीर होतात, पाचही पंचांचे गुण धरले जातात. रिओमध्ये संगणक पाचांतले तिघेच निवडायचा, त्या मानानं ही मोठी सुधारणा आहे. उरलेलं काम जिल्ह्या-जिल्ह्यांच्या स्पर्धांत आणि पंचांच्या शिबिरांत करायचं आहे. नव्या पंचाला अटीतटीच्या आणि एकतर्फी फेऱ्यांची चित्रणं शेजारी-शेजारी दाखवा, 10-8 लिहायला लावा, आणि ते का लिहिलं हे पोरांसमोर उभं राहून सांगायला लावा.