सरळ केसांची वाकडी गोष्ट

केस हा आम्हा कवींचा जुना विषय. उर्दू गझलेत झुल्फ आली नाही असा दिवाण सापडणे कठीण, आणि मराठी लावणीतही वेणी-गजऱ्याचा मान मोठा. पण आज मी ज्या केसांबद्दल बोलणार आहे, ते कवितेतले नाहीत, कोर्टातले आहेत. 2022 पासून अमेरिकेतल्या हजारो स्त्रियांनी सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांवर दावे लावले. त्यांचे म्हणणे असे, की केस सरळ करण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे जी रसायने डोक्याला लावली, त्यांनी आम्हाला कर्करोग दिला. आणि या धोक्याची कल्पना आम्हाला कोणीच दिली नाही.

एवढ्या बायका हे का करत होत्या, ते आधी समजून घेऊ. दावे लावणाऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. आफ्रिकी वंशाच्या माणसांचे केस बहुधा दाट आणि घट्ट कुरळे असतात. अमेरिकेतली गुलामगिरी 1865 मध्ये कायद्याने संपली, पण ‘चांगले केस’ म्हणजे गोऱ्यांसारखे सरळ केस, ही समजूत काही संपली नाही. माल्कम एक्स यांनी 1965 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तरुणपणी केस सरळ करून घेतल्याची हकिगत सांगितली आहे. कॉस्टिक सोडा, बटाटे आणि अंडी यांचे घरगुती मिश्रण डोक्याला लावले आणि डोक्याची नुसती आग झाली. पुढे मागे वळून पाहताना त्यांना तो स्वतःच स्वतःचा केलेला अपमान वाटला. 1950 च्या दशकात शिकागोच्या जॉर्ज जॉन्सन या कृष्णवर्णीय उद्योजकाने तयार ‘रिलॅक्सर’ बाजारात आणले. पुढे शाळकरी मुलींच्या डोक्यालाही अशी क्रीम लागू लागली.

हा केवळ नट्टापट्ट्याचा प्रश्न नव्हता. 2010 मध्ये अलाबामा राज्यात एका तरुणीने केसांचे पीळ कापायला नकार दिला, म्हणून तिला देऊ केलेली नोकरी काढून घेतली गेली. 2016 मध्ये अपील न्यायालयानेही कंपनीच्याच बाजूने निकाल दिला. माझे स्वतःचे केस कुरळे. शाळेत मला ‘मधाचं पोळं’ म्हणत, पण त्यापायी माझी नोकरी कधी अडली नाही. जिथे पोट केसांवर अवलंबून असते, तिथे ‘कशाला लावायचं ते?’ असे म्हणणे सोपे नाही.

आता ही रसायने करतात काय? केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. शिवणीतले टाकेच म्हणा ना. हे टाके केसाचा आकार धरून ठेवतात. रिलॅक्सरमधला कॉस्टिक सोडा हे टाके उसवतो, मग केस विंचरून सरळ करता येतो. ‘नो-लाय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारात कॉस्टिक सोडा नसतो. पण बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपल्या पानातला चुना, आणि ग्वानिडिनचे एक संयुग असते. दोन्ही दाहकच. मुळाशी नवा केस कुरळाच उगवतो, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा तेच करावे लागते. टाळू भाजते, जखमा होतात आणि अशा कातडीतून रसायनांना आत शिरायला वाट मिळते.

वादींचा मुख्य आरोप मात्र सोड्यावर किंवा चुन्यावर नाही. क्रीममध्ये थॅलेटसारखी रसायनेही असतात आणि ती शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, असे त्या म्हणतात. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग संप्रेरकांशी निगडित आहे, म्हणून या आरोपाला वजन येते. सुवासासाठी वापरलेल्या द्रव्यांची नावे मात्र अमेरिकेत डब्यावर एकेक करून छापावी लागत नव्हती. ‘सुगंध’ एवढा एक शब्द पुरे होता.

दाव्यांना जोर आला तो एका संशोधनामुळे. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 33,497 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रियांवर सुमारे अकरा वर्षे लक्ष ठेवले गेले आणि त्यांच्यापैकी 378 जणींना गर्भाशयाचा कर्करोग झाला. अभ्यासात नाव नोंदवण्याआधीच्या वर्षात चारपेक्षा अधिक वेळा केस सरळ करणाऱ्यांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून जास्त आढळले. वयाच्या सत्तरीपर्यंत हा रोग होण्याचा धोका कधीच केस सरळ न करणाऱ्यांत 1.64 टक्के, तर वारंवार करणाऱ्यांत 4.05 टक्के, असा त्यांचा अंदाज होता. केस रंगवण्याशी मात्र या कर्करोगाचा संबंध दिसला नाही. 2023 मध्ये बोस्टन विद्यापीठाने 44,798 कृष्णवर्णीय स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यात पाळी गेलेल्या आणि दीर्घकाळ रिलॅक्सर वापरणाऱ्या स्त्रियांत धोका वाढलेला दिसला, पाळी चालू असलेल्यांत दिसला नाही.

हे आकडे घाबरून जाण्यासाठी नाहीत, समजून घेण्यासाठी आहेत. शंभरातल्या चार जणी म्हणजे उरलेल्या शहाण्णव जणींना तो रोग होत नाही. शिवाय दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असे लगेच सिद्ध होत नाही. 2022 च्या अभ्यासात कोणत्या कंपनीचे क्रीम, त्यात कोणती द्रव्ये, याची नोंदच नव्हती. कंपन्या नेमके इथेच बोट ठेवतात. आमचा माल सुरक्षित आहे, दाव्यांना आधार नाही, असे त्यांचे म्हणणे.

अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच पहिला गाजलेला दावा दाखल झाला. फेब्रुवारी 2023 मध्ये देशभरच्या संघीय न्यायालयांतले असे दावे शिकागोत एका न्यायाधीशांपुढे एकत्र आणले गेले. चौकशी एकत्र, पण प्रत्येकीचा दावा वेगळा. प्रत्येकीला आपला आजार आणि आपण वापरलेले क्रीम यांचा संबंध दाखवावा लागतो. दावे सुरुवातीलाच फेटाळावेत अशी कंपन्यांची मागणी होती. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यायालयाने काही मुद्दे वगळून मुख्य दावे पुढे चालू दिले. त्यातला एक मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: धोक्याची सूचना दिली नाही, हा.

कारण न सांगण्याची ही सवय जुनी आहे. आता दुसरा प्रकार पाहा, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘केराटिन’ म्हणतात. यातल्या अनेक द्रावणांत फॉर्माल्डिहाइड असते. मी कला शाखेची, पण कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेवरून जाताना बरण्यांतल्या बेडकांचा जो उग्र वास यायचा, तो याचाच. केसांवर द्रावण लावून तापलेली इस्त्री फिरवली, की त्याचा वायू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच याला माणसात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य ठरवले आहे. 2010 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात केशकर्तनालयांतल्या कामगारांनी श्वासाच्या आणि डोळ्यांच्या त्रासाच्या तक्रारी केल्या. ‘ब्राझिलियन ब्लोआउट’ नावाचे द्रावण तपासले गेले. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ म्हणून विकलेल्या त्या द्रावणात ते सरासरी आठ टक्क्यांहून अधिक निघाले! हे द्रव्य पाण्यात विरघळले की त्याचे ‘मेथिलीन ग्लायकॉल’ होते, आणि डब्यावर हेच नाव लिहून मोकळे होता येते. 2012 मध्ये कॅलिफोर्निया राज्याशी तडजोड करून कंपनीने सहा लाख डॉलर मोजले आणि ती जाहिरात थांबवण्याचे कबूल केले.

फॉर्माल्डिहाइडची बदनामी झाल्यावर काही उत्पादनांत ग्लायॉक्झिलिक आम्ल आले. 2024 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका तरुणीची नोंद दिली. तीन वेगवेगळ्या वेळी केस सरळ करून घेतल्यावर तीनही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. तिच्यावर वापरलेले क्रीम उंदरांच्या पाठीला लावून पाहिले, तर त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आढळले. मूतखडे बहुतेक वेळा याचेच बनलेले असतात.

हे सारे आपल्या गल्लीपासून दूर नाही. लग्नसराईत मुलींची केराटिनसाठी रांग लागते. ग्राहक दोन-तीन तासांनी घरी जाते, पण पार्लरमधली मुलगी त्याच बंद, वातानुकूलित खोलीत दिवसभर तो वायू छातीत भरून घेते. तिचा विचार आधी व्हायला हवा. खिडकी उघडी असावी, हवा खेळती असावी. डोळे चुरचुरले, घसा धरला, तर काम थांबवावे. ग्राहकाने मूळ बाटली पाहायला मागावी, बिनानावाच्या डब्यातले काही लावू देऊ नये, उत्पादनाच्या नावाचे बिल जपून ठेवावे. टाळूला जखम असताना किंवा गरोदरपणी हे टाळलेलेच बरे. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर लाजून बसू नये. केसांना काही लावलेले असो वा नसो, डॉक्टरांकडे जावे.

आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही उत्पादकाची जबाबदारी स्वतंत्रपणे सांगितली आहे. पुरेशी सूचना किंवा इशारा न दिल्यामुळे इजा झाली, तर भरपाई मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

अमेरिकेत 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने आणि मग इतर अनेक राज्यांनी नैसर्गिक केसांवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारे कायदे केले. त्या कायद्यांनी केस आहेत तसे ठेवण्याची मोकळीक दिली. ज्यांना सरळच हवेत, त्यांनी ते करावेत. मात्र आपल्या डोक्यावर काय ओतले जात आहे, हे कळण्याचा हक्क कुरळ्या आणि सरळ दोन्ही केसांना सारखाच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)