राज्यपाल आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर : अधिकार व स्वायत्तता

राज्यपाल हे भारतातील घटक राज्याचे घटनात्मक प्रमुख असतात, तर गव्हर्नर हे भारतीय रिझर्व्ह बँकेचे प्रमुख असतात. इंग्रजीत या दोन्ही पदांना एकच नाव आहे. मराठीत पहिल्या पदासाठी 'राज्यपाल' हा शब्द रूढ झाला आणि बँकेच्या प्रमुखासाठी 'गव्हर्नर' हा मूळ शब्दच कायम राहिला. महाराष्ट्राच्या राज्यपालांचे निवासस्थान मुंबईत मलबार हिल येथे असून रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय फोर्ट भागात आहे. दोन्ही पदांवरील नेमणूक केंद्राकडून होते आणि दोन्ही पदाधिकाऱ्यांना मुदतीपूर्वी दूर करता येते. मात्र त्यांच्याकडून असलेल्या अपेक्षा परस्परविरुद्ध आहेत. राज्यपालांनी स्वतःच्या मताने राज्यकारभार करू नये, असे संसदीय पद्धतीत अभिप्रेत आहे. याउलट बँकेच्या गव्हर्नरांनी सरकारच्या तात्कालिक सोयीकडे न पाहता स्वतःच्या विचाराने निर्णय घ्यावेत, अशी अपेक्षा असते.

राज्यपालपदाची पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर हे खरे सत्ताधीश होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळे आली, तरी गव्हर्नरांकडे स्वेच्छाधिकार राखून ठेवण्यात आले. १९३९ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर मुंबई प्रांताचा कारभार याच कायद्याच्या ९३ व्या कलमानुसार गव्हर्नरांनी हाती घेतला.

घटना समितीपुढे प्रारंभी निवडून आलेल्या राज्यपालांची कल्पना होती. निवडून आलेला मुख्यमंत्री आणि निवडून आलेला राज्यपाल यांच्यात संघर्ष होईल, या विचाराने ती १९४९ मध्ये सोडून देण्यात आली व राष्ट्रपतींनी राज्यपाल नेमण्याची पद्धत स्वीकारली गेली.

नेमणूक व अधिकार

अनुच्छेद १५५ नुसार राष्ट्रपती राज्यपालांची नेमणूक करतात. अनुच्छेद १५६ नुसार मुदत पाच वर्षांची असली, तरी राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच राज्यपाल पदावर राहतात. व्यवहारात ही मर्जी केंद्रीय मंत्रिमंडळाची असते. केवळ केंद्रातील पक्ष बदलला म्हणून राज्यपालांना दूर करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बी. पी. सिंघल खटल्यात २०१० मध्ये स्पष्ट केले.

अनुच्छेद १६३ नुसार राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात. शमशेर सिंग खटल्यातील १९७४ च्या निकालाने हे तत्त्व पक्के केले. स्वेच्छाधिकाराला वाव उरतो तो मोजक्या प्रसंगी : कोणत्याही पक्षाला बहुमत नसताना मुख्यमंत्री नेमणे, विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणे आणि अनुच्छेद ३५६ खाली अहवाल पाठविणे. असे प्रसंग विरळ असले, तरी सरकार कोणाचे येणार हे अनेकदा त्याच वेळी ठरते.

विधेयकांबाबतच्या अनुच्छेद २०० मध्ये कालमर्यादा दिलेली नाही. तमिळनाडूच्या खटल्यात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी मुदती घालून दिल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने राष्ट्रपतींच्या विचारणेवर मत देताना, न्यायालयाला अशा मुदती ठरविता येत नाहीत, असे म्हटले. मात्र दीर्घकाळ व विनाकारण विधेयक अडवून ठेवल्यास न्यायालय मर्यादित हस्तक्षेप करू शकते, हेही या पीठाने मान्य केले.

महाराष्ट्राच्या राज्यपालांवर अनुच्छेद ३७१(२) अन्वये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्या समतोल विकासाची विशेष जबाबदारी सोपविता येते. त्यानुसार १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. राज्यातील विद्यापीठांचे कुलपतिपदही राज्यपालांकडे असते. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ व महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ ही त्याची उदाहरणे होत. हा अधिकार घटनेने दिलेला नसून राज्याच्या कायद्यांनी दिलेला आहे.

महाराष्ट्रातील प्रसंग

१२ नोव्हेंबर २०१९ रोजी राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली. २३ नोव्हेंबरला पहाटे ती उठविण्यात आली आणि त्याच सकाळी देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला. सर्वोच्च न्यायालयाने विधानसभेत तातडीने बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिल्यावर २६ नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले.

विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ जागांवर राज्यपाल सदस्य नेमतात. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने शिफारस केलेल्या बारा नावांवर राज्यपालांनी निर्णय घेतला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटले की, राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसल्याने त्यांना आदेश देता येत नाही. मात्र शिफारस वाजवी मुदतीत स्वीकारणे किंवा परत पाठविणे हे त्यांचे कर्तव्य आहे. २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादी मागे घेतली. या जागा ऑक्टोबर २०२४ पर्यंत रिक्त राहिल्या आणि तेव्हा सात सदस्य नेमण्यात आले.

जून २०२२ मध्ये राज्यपालांनी ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. मतदानापूर्वीच, २९ जूनला, मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात पाच न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले की, सरकारने विश्वास गमावल्याचे दाखविणारा वस्तुनिष्ठ आधार राज्यपालांसमोर नव्हता. मात्र ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येत नाही आणि त्यानंतर एकनाथ शिंदे यांना पाचारण करणे योग्य होते, असेही पीठाने नमूद केले. राज्यपालांची कृती चुकीची ठरूनही तिचा परिणाम टिकू शकतो, हे या प्रकरणातून दिसले.

रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर

१९३४ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. १९३७ मध्ये तिचे मुख्यालय कोलकात्याहून मुंबईस आले व १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले. रायगड जिल्ह्यातील चिंतामणराव देशमुख हे १९४३ ते १९४९ या काळात बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. पुढे ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

हे पद घटनात्मक नसून संसदेच्या कायद्याने निर्माण झालेले आहे. कलम ८ नुसार केंद्र सरकार गव्हर्नरांना जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी नेमते व पुनर्नियुक्ती करू शकते. कलम ११ नुसार ते गव्हर्नरांना दूरही करू शकते. कलम ७ नुसार सार्वजनिक हितासाठी, गव्हर्नरांशी विचारविनिमय करून, सरकारला बँकेस निर्देश देता येतात.

२०१६ च्या दुरुस्तीने व्याजदराचा निर्णय सहा सदस्यांच्या पतधोरण समितीकडे गेला. तीन सदस्य बँकेचे व तीन सरकारने नेमलेले असतात. मते समसमान पडल्यास गव्हर्नरांचे निर्णायक मत ग्राह्य धरले जाते. महागाईचे लक्ष्य बँकेशी विचारविनिमय करून सरकार ठरविते. ते ४ टक्के असून त्यात दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची सूट आहे. २०२१ मध्ये ते पुढील पाच वर्षांसाठी कायम ठेवण्यात आले. सलग तीन तिमाह्या ही मर्यादा ओलांडली गेल्यास बँकेला सरकारकडे कारणांचा अहवाल द्यावा लागतो. २०२२ मध्ये असा प्रसंग आला. म्हणजे लक्ष्य सरकारचे आणि साधन निवडण्याचे स्वातंत्र्य बँकेचे, अशी ही विभागणी आहे.

सरकारशी मतभेद

पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांनी तत्कालीन सरकारशी झालेल्या मतभेदांमुळे १९३७ मध्ये पद सोडले. बेनेगल रामा राव यांनी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी मतभेद झाल्यावर १९५७ मध्ये राजीनामा दिला. २०१८ मध्ये कलम ७ च्या वापराची चर्चा चालू असताना ऊर्जित पटेल यांनी १० डिसेंबर रोजी वैयक्तिक कारण देऊन पद सोडले.

नोटेवरील दोन सह्या

हे अधिकारविभाजन नाशिककरांच्या परिचयाच्या वस्तूतही दिसते. नाशिक रोड येथील चलार्थपत्र मुद्रणालय १९२८ पासून नोटा छापत आहे. ते केंद्र सरकारच्या मालकीच्या महामंडळाकडे आहे. दोन रुपयांपासून पुढच्या नोटांवर रक्कम अदा करण्याचे वचन व गव्हर्नरांची सही असते. एक रुपयाची नोट मात्र केंद्र सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते.

तुलना

राज्यपालांना घटनेचे संरक्षण आहे. अनुच्छेद ३६१ मुळे पदावर असताना कर्तव्याबद्दल त्यांना न्यायालयापुढे उत्तर द्यावे लागत नाही. बँकेच्या गव्हर्नरांना असे संरक्षण नाही, पण त्यांच्या हाती दैनंदिन आणि व्यापक आर्थिक अधिकार आहेत. न्यायाधीशांना महाभियोगाच्या कठीण प्रक्रियेशिवाय दूर करता येत नाही. तशी हमी या दोघांपैकी कोणालाही नाही. त्यामुळे दोन्ही पदांची स्वायत्तता कायद्याच्या शब्दांइतकीच संकेतांवर, न्यायालयीन निर्णयांवर आणि पदावरील व्यक्तीच्या वर्तनावर अवलंबून राहते.