वाकळेचे दप्तर

टाकाऊ वस्तूंतून स्मृतींना आकार देणारी कला ही पाश्चात्त्य चित्रशाळांची देणगी होय, असे जेव्हा जाणकार म्हणवणारे सांगतात, तेव्हा इंदापूर-बारामतीकडच्या वाकळा अंगावर घेऊन वाढलेल्या माझ्यासारख्याला विषाद वाटल्यावाचून राहत नाही. कारण आजीचे विटलेले लुगडे, आजोबांच्या धोतराचा धड उरलेला भाग आणि एखाद्या दिवंगताचा सदरा यांना एका धावदोऱ्यात गुंफण्याचे काम येथल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत, आणि कोणता तुकडा कोणाचा हे विचारले असता त्या हातातली सुई न थांबवता सांगतात. जुन्या कपड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी म्हणजे वाकळ. चार बाजूंना चौघी बसल्या म्हणजे प्रत्येकीच्या हाताचा टाका निराळा उमटतो, कोणाचा बारीक आणि दाट, कोणाचा लांब आणि उतावळा.

1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने आमच्या इंदापूर भागातली भीमाकाठची अनेक गावे पोटात घेतली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि ते पाहण्यास लोकांची रीघ लागते. परंतु त्या गावातील घराघरांत जे वस्त्ररूप संचित होते, त्याची वास्तपुस्त कोणी केली नाही. 1894 च्या भूसंपादन कायद्यान्वये मोबदला मिळे तो जमिनीचा आणि जमिनीशी जखडलेल्या घर, विहीर, झाड यांसारख्या वस्तूंचा. वाकळ जंगम, तीही जुनेराची; सरकारी पंचनाम्यात तिला स्थान असण्याचे कारणच नव्हते.

याच विचारात असताना अमेरिकेतील अलाबामा नदीच्या वळणावर वसलेल्या जीझ बेंड या खेड्याची हकीकत वाचनात आली, आणि ती मनातून जाईना. तेथील कृष्णवर्णीयांच्या पूर्वजांना गुलाम करून ठेवणाऱ्या मालकाचे ‘पेटवे’ हे आडनावच आजही अनेक घरांत चालते. 1942 साली मिसूरी पेटवे हिचा नवरा दीर्घ आजारानंतर वारला. तेव्हा त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेची ऊब अंगावर असावी, म्हणून तिने त्याचे शेतात घालायचे सारे कपडे घेऊन त्यांची गोधडी शिवली. मोठी झालेली लेक आर्लोन्झिया मदतीला होती. विजारीचा पाय खाली अरुंद आणि वर रुंद असतो. वरचा जादा भाग कापून सारख्या पट्ट्या करायचे काम आईने आपल्याला दिले होते, असे तिने पुढे उतारवयात सांगितले. हा तपशील वाचताना मी थबकलो. शोक अनावर झालेला असतानाही त्या मायलेकींना कापड सरळ कापावे लागत होते, आणि त्या सरळ कापण्यातच त्यांचा शोक मावला होता!

पुढे, 1960 नंतरच्या दशकात, मिलर्स फेरी येथील धरणाने त्या खेड्याचीही पुष्कळ जमीन बुडवली. कोणत्या इंदापूरकराला हे वाचून ते खेडे परके वाटेल? मात्र 2002 साली जीझ बेंडच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत भिंतींवर लागल्या. मिसूरीची ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे, आणि लिसा गेल कॉलिन्स या विदुषीने त्या एकाच गोधडीवर संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. आपल्याकडे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर ग्रंथ रचून मोठे उपकार केले आहेत. तथापि संग्रहालयातल्या वस्त्रापुढे शिवणारणीचे नाव लिहिण्याचा प्रघात आपण अद्याप पाडलेला नाही, आणि हा मला अन्याय वाटतो.

मिसूरीचे नाव टिकले, कारण तिच्या लेकीला कोणीतरी वेळेवर विचारले. बुडालेल्या गावांतून ज्या सुना वाकळा घेऊन नव्या गावठाणात आल्या, त्या आता सत्तरीपलीकडे गेल्या आहेत. आणि गिरणीची ब्लँकेटे आल्यापासून जुन्या वाकळा ट्रॅक्टरच्या आसनावर अथवा गोठ्यात जाऊन पडत आहेत. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने यंदाच्या उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांना वह्या देऊन या सुनांच्या घरी पाठवावे, आणि प्रत्येक वाकळेपुढे शिवणारीचे नाव, तिचे जुने गाव व एकेक तुकडा कोणाच्या अंगावरचा, एवढे तरी लिहून घ्यावे.